गालावरचे वांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, मला व्याख्यान जमायचे नाही असे चिटणीसबाईंना सांगून पाहिले. "घरी बोलता तसेच बोला," म्हणाल्या. तेव्हा माझ्या गालावरच्या वांगाविषयीच बोलते.

धाकट्याच्या बाळंतपणात ते उठले. साय झाली, डाळीचे पीठ झाले, लिंबू चोळून आग करून घेतली. मग एकीने एक ट्यूब सुचवली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला! मी अशी हरखले की, पुटकुळ्यांनी कंटाळलेल्या थोरल्या मुलीलाही तीच आणून दिली. चार महिन्यांनी लावायची सोडली, तशी तोंड लालबुंद, चुलीपुढे गेल्यासारखी आग, हनुवटीवर लव. वांग पहिल्याहून काळे. मुलीच्या पुटकुळ्या दुप्पट. तिच्याकडे बघवेना हो मला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब वाचली. आत स्टेरॉइड! असली मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा सरकारचा नियम २०१८ सालीच झाला आहे. मला मात्र दुकानदाराने साबणाची वडी द्यावी तशी दिली होती.

आधी चेहरा शांत होऊ दिला, मग त्यांनी अझेलेइक अ‍ॅसिडचे २० टक्क्यांचे मलम लिहून दिले. अ‍ॅसिड म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे मोरी धुण्याची बाटली आली. त्या हसल्या. ताकाचा आंबटपणाही अ‍ॅसिडाचाच, म्हणाल्या. हे तर गहू, बार्लीसारख्या धान्यांत असते. जिथे काळा रंग फाजील तयार होतो तिथे त्याला ते आवर घालते, बाकीच्या कातडीच्या वाटेला फारसे जात नाही. पुटकुळ्यांवरही चालते, म्हणून मुलीलाही तेच दिले. वांगावरची काही औषधे गरोदरपणी वर्ज्य असतात. हे डॉक्टरांच्या सल्ल्याने लावता येते.

गुण सांगितले, आता खोडीही सांगते. पहिले काही दिवस खाज आणि चुणचुण. दोन महिने काडीचा फरक नाही. मी ट्यूब फेकायलाच निघाले होते. चौथ्या महिन्यात वांगाच्या कडा पुसट झाल्या. आज निम्मे गेले आहे, निम्मे आहे. उन्हापासून जपण्याचे मलम न लावता गच्चीवर पापड घातले, तर पुन्हा गडद झाले. आणि याने कोणी गोरे होत नाही. त्या आशेने घेणार असाल तर पैसे वाया. मुलीचा चेहरा मात्र बराच निवळला. डाग थोडे राहिलेत.

ती पहिली ट्यूब आपल्यातल्या दोघीतिघींच्या कपाटात आहे, मला ठाऊक आहे. रागावू नका. पण फार दिवस लावत असाल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, आधी दाखवा. येत्या मंगळवारी मी मुलीला घेऊन जाणार आहे. बरोबर यायचे असेल तिने साडेआठला मंडळाच्या दारात यावे, येताना ट्यूब आणावी.