खाडीकडे तोंड असलेले घर



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून गेली. मी शाळा अर्धवट सोडलेला, युनियनच्या कचेरीत करार वाचता वाचता चार अक्षरे शिकलेला माणूस. तेव्हा मी करारावरच बोलणार. आज मात्र पगाराच्या नव्हे, घराच्या.

आमच्या शिवडीत हल्ली एका थाटाच्या जाहिराती फार दिसतात. सदनिकेचे तोंड खाडीकडे, स्टेशन पायी पाच मिनिटांवर, अटल सेतू हाकेच्या अंतरावर. चित्रात पाणी निळेशार. प्रत्यक्षात ओहोटीला जाऊन उभे राहा, दूरवर गाळच गाळ दिसेल. मला तो आवडतो. त्या गाळावरच रोहित पक्षी हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत पोट भरतात. पण गाळ्याची किंमत गाळ दाखवून कोणी मागत नाही, एवढेच.

आता ही किंमत कशाकशाची आहे ते पाहू. स्टेशनची जवळीक काही बांधणाऱ्याने निर्माण केलेली नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदराहून कुर्ल्याला गेली, ती याच हार्बर मार्गाने. शंभर वर्षे गोदीतली आणि गिरणीतली माणसे या गाड्यांना लोंबकळत आली. रूळ सार्वजनिक पैशाचे, गर्दी आपली, आणि 'जवळीक' म्हणून तिचा भाव चौरस फुटामागे आपल्याकडूनच वसूल होतो! सेतूची गोष्ट आणखी मौजेची. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल जवळजवळ २२ किलोमीटर लांब आहे. पण त्यावर मोटारसायकलला मज्जाव, रिक्षालाही मज्जाव. मोटारीला सुरुवातीपासून एका खेपेचे २५० रुपये. ज्याच्या दारात मोटार नाही त्याने पुलाच्या जवळिकीचे पैसे का मोजावेत, हे मला कोणी समजावून सांगावे.

राहिला देखावा. इंग्लंडात १६१० साली आल्ड्रेड नावाच्या गृहस्थाचा एक खटला गाजला. शेजाऱ्याच्या डुकरांच्या गोठ्यावरून तंटा होता. पण त्यात न्यायाधीशांनी एक भेद सांगितला. उजेड आणि वारा ही माणसाची गरज आहे, देखावा हा केवळ आनंद आहे. आनंदावर कायद्याचा हक्क चालत नाही. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा आहे. खिडकीतून येणारा उजेड-वारा वीस वर्षे अखंड, बिनतक्रार उपभोगला तर त्यावर हक्क उत्पन्न होतो. देखाव्याला तशी सोय नाही. समोर उद्या मनोरा उठला तर खाडी त्याच्या गच्चीवरच्यांची!

आणि समोर मनोरा उठणारच नाही कशावरून? शिवडीच्या किनाऱ्याची पुष्कळशी जमीन बंदराच्या मालकीची आहे. १८७३ साली स्थापन झालेला पोर्ट ट्रस्ट २०२१ च्या कायद्याने प्राधिकरण झाला. पाटी बदलली, जमीन तीच. ती गोदामे, ते वाडे कायम तसेच राहतील असे लिहून द्यायला कोणी तयार आहे का, हे विक्रेत्याला विचारा.

आमचे एक सभासद निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. फंडाची सगळी रक्कम बयाण्यात घालायची, असे त्यांच्या मनाने घेतले होते. कागद घेऊन कचेरीत आले. जाहिरातपत्रकावर क्षेत्रफळ मोठ्या ठशात होते, कराराच्या मसुद्यात ते चौरस मीटरमध्ये होते. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणले, तेव्हा एक अख्खी खोली हरवली! बाल्कनी धरून सांगितलेला आकडा होता तो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे चटई क्षेत्र म्हणजे घरातली वापरायची जागा. आतल्या आडभिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. मी म्हटले, "काका, आधी हा आकडा लिहून घ्या, मग खाडी बघा."

पैशाचेही तसेच. हिशेबाला एक कोटी धरा. बांधकाम चालू असेल तर वस्तू व सेवा कर ५ टक्के, मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह ६ टक्के, नोंदणीचे ३० हजार. म्हणजे ११ लाख ३० हजार वरचे. इमारतीला वापर परवाना मिळाल्यावर घेतले तर यातले पाच लाख वाचतात. हे जाहिरातीत नसते.

त्याच कायद्यात आपल्या कामाच्या आणखी गोष्टी आहेत. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. व्यवहार सोडला तर व्याजासह रक्कम परत मागता येते. म्हणून जाहिरातीचा कागद पुडी बांधायला देऊ नका. देखाव्यावर हक्क नसला तरी लेखी थापेवर आहे.

खाडीच्या याच शिवडीत बी.डी.डी.च्या बारा चाळी आहेत. १९२० नंतर मुंबईत अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यांतल्या या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तिसरी-चौथी पिढी वाढते आहे. वरळीत २०२५ साली ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा शिवडीच्या चाळींचा प्रश्न पडूनच होता. कारण? जमीन बंदराची, बंदर केंद्राचे, चाळी राज्याच्या. जी जमीन देखाव्यापुरती मोकळी भासते, तीच राहत्या माणसाच्या घराआड येते. मला विचाराल तर खाडीकडे तोंड असलेल्या घरांची चर्चा या बारा चाळींपासून सुरू व्हायला हवी. ती होत नाही, कारण तिथे विकण्यासारखा देखावा नाही.

ज्यांच्याजवळ अशा घराचे कागद असतील त्यांनी रविवारी सकाळी कचेरीत यावे. सोबत झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. आणि सहीच्या आधी या, नंतर नको.