छोट्या इंजिनाची सुई
(मंडळाच्या छंदवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानाच्या प्रतिकृतींविषयी दोन शब्द सांगावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही विषय मुद्दामच लहान निवडला. विमान कसे बांधावे हे सांगणारे जाणकार येथे आहेतच. आम्ही बोलणार आहोत ते ग्लो इंजिनाच्या कार्बुरेटरवरील एका सुईविषयी. आज बहुतेक नवशिके विजेच्या मोटारीवर विमान उडवितात आणि त्या मोटारीला ही सुई नसते. परंतु ज्यांच्या माळ्यावर एखादे जुने इंजिन फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहे, त्यांना या माहितीचा उपयोग व्हावा.

प्रथम इंजिनाची ओळख करून घेऊ. मुठीत मावणारे, साडेसहा सी.सी.चे हे टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेते. त्याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, वंगणासाठी त्यात मिसळलेले एरंडेल किंवा कृत्रिम तेल, आणि थोडे नायट्रोमिथेन. मोटारसायकलीप्रमाणे येथे ठिणगी पाडणारी यंत्रणा नसते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीस दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल करावयाचे. एकदा इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यावयाची. त्यानंतर स्फोटाची उष्णता आणि मिथेनॉलच्या संपर्कात प्लॅटिनमवर होणारी रासायनिक क्रिया यांच्या बळावर तार तापलेली राहते.

म्हणूनच या इंजिनात मिश्रणाला फार महत्त्व आहे. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा लागते; मिथेनॉलच्या एका भागास मात्र साडेसहा भागच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत हे इंजिन दुपटीहून अधिक इंधन पिते. सुई आत फिरविली की इंधन कमी होऊन मिश्रण विरळ होते. बाहेर फिरविली की ते दाट होते. दाट मिश्रणावर इंजिन घोगऱ्या आवाजात, भरपूर पांढरा धूर सोडीत चालते. विरळ होत गेले की आवाज चढतो, धूर कमी होतो आणि इंजिन तापू लागते. वंगणाचे तेल इंधनातूनच येत असल्यामुळे इंधन तोडले की तेलही तुटते. अशा वेळी प्लगची तार जळते, कधी दट्ट्या आणि सिलिंडरही कायमचे खराब होतात.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी आमच्या भाच्याने सारी उन्हाळ्याची सुट्टी खर्चून बाल्सा लाकडाचे एक विमान बांधले होते. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी सुई लावण्याचा मान त्याने आम्हांस दिला. आम्ही ती हळूहळू आत घेत गेलो आणि आवाज सर्वांत उंच चढला तेथे समाधानाने हात काढून घेतला. विमान झेपावले, शंभर फूट वर चढले, आणि इंजिन एकाएकी बंद पडले. मुलाने घाबरून धावपट्टीकडे वळण घेतले. वेग उरला नव्हता. एक पंख खाली झुकला आणि विमान नांगरलेल्या शेतात कोसळले. तुकडे गोळा करीत असता तो एवढेच म्हणाला, “मामा, जमिनीवर तर इंजिन किती छान चाललं होतं!”

त्या वाक्याचा अर्थ उलगडून घेण्यात आमचे कित्येक रविवार गेले. इंजिन जमिनीवर छान चालले होते ते जमिनीपुरतेच. विमान नाक वर करून चढू लागले की मागे असलेली टाकी कार्बुरेटरच्या खाली जाते आणि इंधन वर ओढावे लागते. हवेत पंख्यावरील भार हलका होऊन फेरे वाढतात, तसे इंधनही अधिक लागते. शिवाय टाकीतील पातळी मिनिटागणिक उतरत असते. ही तिन्ही कारणे मिश्रण विरळ करणारीच आहेत. अगदी कड्यावर उभ्या केलेल्या इंजिनास मागे सरकावयास जागा उरत नाही.

तेव्हा रीत अशी ठेवावी. टाकीचा मध्य सुईच्या पातळीस किंवा किंचित खाली असावा. निर्मात्याने सांगितले असतील तितके आटे सुई उघडून इंजिन चालू करावे आणि थोडे तापू द्यावे. मग थ्रॉटल पूर्ण उघडून सुई थोडी थोडी आत घ्यावी. फेरे सर्वाधिक झाले की तेथे न थांबता सुई पुन्हा बाहेर फिरवावी, फेरे दोन-तीनशेने उतरेपर्यंत. यानंतर विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करावे. आवाज टिकला किंवा किंचित चढला तर ठीक. बसू लागला तर सुई आणखी उघडावी.

मंद गतीचा स्क्रू त्यानंतर लावावा. इंजिन थोडा वेळ मंद चालू देऊन इंधनाची नळी कार्बुरेटरजवळ चिमटीत दाबावी. ते चटकन बंद पडले तर मिश्रण विरळ आहे. वेग बराच वाढत जाऊन मग बंद पडले तर दाट आहे. किंचित वाढून बंद पडले तर योग्य आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. काही कार्बुरेटरांत हा स्क्रू इंधन अडवितो, तर काहींत हवेचे छिद्र बुजवितो. दोहोंत तो फिरविण्याची दिशा नेमकी उलट असते. शेवटी मोठी सुई पुन्हा तपासावी.

बालमित्रांनो, हे सारे पंख्याच्या मागे उभे राहून, वडीलधाऱ्यांच्या देखत करावयाचे. ओढणी, सैल बाही पंख्याजवळ नको. मिथेनॉल हे विष आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, हे कधी विसरू नका.

आपल्यापैकी पुष्कळांच्या नशिबी बदल्या आहेत, म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगतो. कोलकात्यात समुद्रसपाटीलगत नीट लावलेले इंजिन बंगळूरला नेले की घोगरे चालू लागते. तेथे सुमारे ९०० मीटर उंचीवर हवा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ असते, म्हणून सुई थोडी आत घ्यावी लागते. थंडीच्या पहाटे लावलेली सुईही दुपारी पुन्हा पाहावी लागते. इंजिन तेच असते. गाव आणि ऋतू बदलला की त्याला नव्या हवेशी जुळवून घ्यावे लागते. हे आपणांस आम्ही वेगळे सांगावयास नको.

आमचा भाचा पुढे पुन्हा विमाने बांधू लागला. सुई तो स्वतःच लावतो, आणि सर्वांत उंच सूर लागला की आमच्याकडे एकदा पाहून ती दोन टिचक्या मागे घेतो.