ओढ्याकाठचे दहा गुंठे



पुण्याच्या पाण्याची गोष्ट निघाली की आपले लक्ष खडकवासल्याच्या भिंतीकडे जाते. धरण किती भरले, एवढे कळले की आपले समाधान होते. आज आम्हांला त्या भिंतीच्या वर जावयाचे आहे. मुठेवर टेमघर, मोसे नदीवर वरसगाव, आंबीवर पानशेत. या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात येते. या नद्यांना डोंगरातले असंख्य ओढे मिळतात, आणि त्यांच्या काठची पुष्कळशी जमीन खासगी मालकीची आहे. आपण पितो ते पाणी प्रथम कोणाच्या तरी बांधावरून उतरलेले असते.

नांगरलेल्या उतारावर आषाढातला पाऊस कोसळला की माती सुटते. तिच्याबरोबर शेणखत, रासायनिक खत आणि औषधांचा अंशही निघतो. काठ उघडा असेल तर हे सारे थेट ओढ्यात जाते. तेथे झाडी असेल तर पालापाचोळा पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ काठावरच बसतो. मातीच्या कणांना चिकटलेले स्फुरद तिच्याबरोबर थांबते. विरघळून जमिनीखालून झिरपणारा नत्र मुळे घेतात, उरलेल्यापैकी काही ओल्या मातीतले सूक्ष्म जंतू हवेत सोडून देतात. शिवाय मुळ्यांनी काठ धरून ठेवलेला असतो. उंबर, करंज, जांभूळ, वाळुंज, खाली निर्गुडी, मधे बांबू ही आपली जुनीच मंडळी आहेत. निलगिरीच्या रांगा लावून हे काम होणार नाही.

नळाने येऊन पडणारे सांडपाणी मात्र कोणतीही झाडी अडवू शकत नाही. ते झाडीखालून सरळ निघून जाते. रामनदीच्या काठी नुसती रोपे लावून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. काठ बुजवून भिंती बांधल्याने काय होते, ते 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने दाखविलेच आहे.

आता खरी अडचण. दहा मीटर रुंदीचा पट्टा शंभर मीटर लांब धरला तर सुमारे दहा गुंठे होतात. दोन एकरांच्या शेतकऱ्याचा हा आठवा हिस्सा झाला, आणि तोही बहुधा ओलाव्याचा, भाताचा. त्याने तो सोडावा आणि स्वच्छ पाणी आपण प्यावे, हा न्याय कोणता? अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवले की रयतेने लेकरासारखी वाढविलेली झाडे बळाने तोडू नयेत. जीर्ण झाड घ्यावयाचे तरी धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. झाड घेताना जो नियम, तोच झाड लावून घेतानाही लागू पडतो, असे आम्हांला वाटते.

न्यूयॉर्क शहराने 1997 साली वरच्या खोऱ्यातील गावांशी करार केला. अब्जावधी डॉलरचा गाळणी-कारखाना उभारण्याऐवजी खोरे राखण्यावर पैसा घातला. काठची जमीन झाडाखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना तेथे वार्षिक भाडे मिळू लागले. आपल्याकडे पाणीपट्टीतून काही अंश असा बाजूला काढता येणार नाही काय?

आणि सारे मालक शेतकरीच आहेत असेही नाही. खोऱ्यात हौसेने प्लॉट घेऊन ओढ्यालगत हिरवळ राखणारे काही सज्जन या सभेतही बसले असतील. त्यांना भाडे देण्याचे कारण नाही. त्यांनी येत्या पावसाळ्याच्या आरंभी करंजाची रोपे लावावीत, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे गुरांपासून व वणव्यापासून तेवढी सांभाळावीत.