अर्धवट राहिलेली पदवी कुठून पुरी करायची?

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचं लग्न झालं, तेव्हा तिची बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. माहेरचं विद्यापीठ वेगळं, सासरचं वेगळं. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिनं पुन्हा शिकायचं ठरवलं. बाजारपेठेतल्या एका केंद्रानं सांगितलं, "फी भरा, थेट तिसऱ्या वर्षाला बसा." तिनं गटातून कर्ज काढून फी भरली. परीक्षेच्या तोंडावर कळलं, त्या केंद्राला कुठल्याच विद्यापीठाची मान्यता नव्हती. हप्ते ती अजून फेडते आहे.

तेव्हापासून आमचा नियम आहे. शिक्षणासाठी कर्ज हवं असेल, तर गटातल्या दोघींनी बरोबर जायचं आणि चार गोष्टी विचारून यायचं.

पहिली, मान्यता. घरी राहून शिकायचं असेल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव आहे का, ते पाहायचं. यादी वेबसाइटवर असते. अभ्यासकेंद्राचं नाव विद्यापीठाकडूनच पडताळून घ्यायचं.

दुसरी, आपले झालेले पेपर किती धरणार? प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा. 2021 पासून श्रेयांक बँक सुरू झाली आहे. तिथले श्रेयांक जास्तीत जास्त 7 वर्षं चालतात. जुनी गुणपत्रिका असेल, तर आधी दाखवायची आणि उत्तर लेखी घ्यायचं.

तिसरी, वर्ग आणि परीक्षा कुठे? आणि चौथी, परीक्षा, पात्रता, स्थलांतर प्रमाणपत्र धरून एकूण खर्च किती?

आपल्याकडे पर्याय आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, इग्नू 1985 पासून. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये सुरू केलेलं महिला विद्यापीठ, म्हणजे आजचं एसएनडीटी, तेही दूरशिक्षण देतं. आणि मुक्त विद्यापीठाची पदवी दुय्यम नसते. मान्यता असेल, तर सरकारी नोकरीलाही ती चालते.

मग आम्ही त्या मैत्रिणीबरोबर दोन ठिकाणी गेलो. एक विद्यापीठ तिची दोन्ही वर्षं धरायला तयार होतं, पण परीक्षा जिल्ह्याच्या गावी. सकाळच्या पेपरला पोचायचं तर आदल्या रात्री मुक्काम करावा लागणार. दुसरं एकच वर्ष धरत होतं, पण केंद्र तालुक्याला, एसटीनं अर्ध्या तासावर. आम्ही सगळ्या म्हणालो, पहिलं घे, वर्ष वाचेल. ती म्हणाली, "वर्ष वाचेल, पण माझा पेपर बुडेल. पोरांना रात्री कोण बघणार?"

तिनं दुसरं घेतलं. आम्हालाही तेव्हा उमगलं. विद्यापीठ किती मोठं, हे लोक विचारतील. आपण विचारायचं, तिथून मी पुरी होऊन बाहेर पडेन का?

फी भरण्याआधी मैत्रिणींना बरोबर घ्या. एकटीनं सही करू नका.