गळा तोच, श्वास वेगळा

माउलींनो, काल मुक्कामाला एक ताई म्हणाल्या, "महाराज, हरिपाठ मोठ्यानं म्हणते, पण ग्रामसभेत पाण्याचं बोलायला उभी राहिले की आवाज कापतो. चार जण हसतात, मी खाली बसते. नळ काही येत नाही." आता मला सांगा, गळा तोच ना? मग दिंडीत का नाही कापत?

बघा बरं. भीती वाटली की श्वास वर छातीत अडकतो, गळा आवळतो. आवळलेल्या गळ्यातून निघालेला शब्द थरथरणारच. भजनात तुम्ही चाल लांबवता, म्हणजे श्वास हळूहळू सोडता. शिवाय चरण टाळकऱ्यांनी उचलला की दम खायला जागा मिळते. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथली पोरंसुद्धा वर्षानुवर्षं चाली घोकतात, तेव्हा कुठं कीर्तनाला उभी राहतात. आणि आपण म्हणतो, एकदाच उठलो अन् जमलं पाहिजे!

तर ताई, उठण्याआधी श्वास पुरता बाहेर सोडा. पहिलं वाक्य छोटं, खालच्या पट्टीत. घरी मोठ्यानं दहा वेळा म्हणून ठेवलेलं. वाक्य संपलं की थांबा. तिथं टाळकरी नाहीत, दम आपला आपणच घ्यायचा. अर्ज हातात धरू नका, तो जास्तच हलतो. टेबलावर ठेवा. भजनी मंडळातल्या दोघींना शेजारी बसवा. कापला आवाज तर कापू द्या, पण पाण्याचं सगळं सांगूनच बसा.

वारी झाली की १५ ऑगस्टची ग्रामसभा आहे. दोघी कोण जाणार, ते आज रात्रीच ठरवा.