आयडी क्रमाने द्यायचा की रँडम?

नवीन ॲप बांधताना पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. टेबलातल्या रेकॉर्डला आयडी कसला द्यायचा? १, २, ३ असा क्रमाने, की लांबलचक रँडम यूयूआयडी?

क्रमाचा नंबर फार बोलतो, बरं का. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांच्या भागांवर अनुक्रमांक असायचे. हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे हे नंबर जमवून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९४२ चं उत्पादन काढलं, ३२७. हेरखात्याचा अंदाज होता १५५०. युद्धानंतर जर्मन कागदांत खरा आकडा सापडला, ३४२! आता तुमच्या गिऱ्हाईकाला आज ऑर्डर नंबर ४१२ मिळाला आणि महिन्याने ४४०, तर तुमचा धंदा किती चाललाय ते त्याला कळलंच की.

त्याहून वाईट गोष्ट २०१९ ची. अमेरिकेत घरखरेदीचे व्यवहार सांभाळणाऱ्या फर्स्ट अमेरिकन कंपनीच्या साइटवर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याचीच कागदपत्रं उघडायची. लॉगिन नाही, काही नाही. सुमारे ८८.५ कोटी फायली अशा उघड्या होत्या. पण इथे ‘नंबर रँडम हवे होते’ एवढं म्हणून सुटू नका हं. कागद मागणारा कोण, हे सर्व्हर तपासतच नव्हता. रँडम आयडीने पत्ता सापडायला अवघड होतो, दाराला कुलूप लागत नाही.

मग सरसकट रँडम? थांबा. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत रेकॉर्ड प्रायमरी कीच्या क्रमानेच पानांवर बसतात. क्रमाचा आयडी असला की नवं रेकॉर्ड शेवटच्या पानावर जातं. रँडम असला की मधल्याच कुठल्यातरी पानात घुसवावं लागतं, आणि ते भरलेलं असेल तर पान फोडून दोन करावी लागतात. टेबल मेमरीत मावेनासं झालं की इन्सर्ट रडायला लागतात. शिवाय बिगइंट ८ बाइटचा, यूयूआयडी १६ चा. (तो ३६ अक्षरांचा मजकूर म्हणून साठवणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.)

मधली वाट म्हणजे यूयूआयडीची ७ वी आवृत्ती, मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधली. पहिले ४८ बिट मिलिसेकंदातली वेळ, बाकीचे बहुतेक रँडम. नवं रेकॉर्ड शेवटीच जातं आणि पुढचा आयडी ओळखता येत नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये त्याचं तयार फंक्शनही आहे. फक्त रेकॉर्ड कधी बनलं ते आयडीतूनच दिसतं. दवाखान्याच्या ॲपमध्ये हे चालेल का, ते आधी बघा.

माझी पसंती? आत बिगइंट, आणि लिंकमध्ये दाखवायला वेगळ्या कॉलममध्ये पूर्ण रँडम यूयूआयडी. पण फोनला रेंज नसतानाही रेकॉर्ड बनणार असेल, तर सर्व्हरकडून पुढचा नंबर मागायचा कसा? तिथे सरळ ७ वी आवृत्ती घ्या.