योगवर्गात खुर्चीचे स्थान

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी २१ जून रोजी गावोगावच्या शाळांच्या पटांगणांत सतरंज्या अंथरल्या जातात आणि सामुदायिक योगासनांचा कार्यक्रम होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस घोषित केला व २०१५ पासून तो सर्वत्र पाळला जातो. या पटांगणाच्या कडेला, भिंतीच्या सावलीत, काही मंडळी बसलेली असतात. कोणाचे गुडघे धरलेले असतात, कोणाला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला असतो, कोणी तीनचाकी सायकलीवर आलेले असते. त्यांना कोणी दूर लोटलेले नसते. उलट मानाने बोलावून आणलेले असते. तथापि तासभर ती मंडळी केवळ पाहत असतात. आजचे विवेचन आहे ते या पाहणाऱ्यांना करणाऱ्यांत कसे आणावे, याविषयी.

ही संख्या थोडीथोडकी नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. शिवाय ज्यांची कोणत्याच नोंदवहीत अपंग म्हणून नोंद नाही, पण ज्यांना जमिनीवर बसले तर उठता येत नाही, असे वृद्ध प्रत्येक वाड्यावस्तीत आहेत. जमिनीवर बसता येणे ही योगवर्गात प्रवेशाची अट मानली, तर हे सर्व लोक आपोआप बाहेर राहतात. खुर्चीमुळे ही अट नाहीशी होते.

खुर्चीवर केलेला योग हा खरा योग नव्हे, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो व तो बहुधा ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांच्याकडूनच येतो. वस्तुतः पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच गोष्टींचा उल्लेख केला आहे, जमिनीचा नाही. आणि या बाबतीत महाराष्ट्राला बाहेर दाखला शोधण्याचीही गरज नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याची प्रथा पाडली. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी साधनांच्या आधाराने आसने शिकविण्याची पद्धत विकसित केली. १९१८ मध्ये जन्मलेले अय्यंगार लहानपणी क्षयासारख्या दुखण्यांनी जर्जर झालेले होते. १९३७ मध्ये ते पुण्यास आले आणि पुढे हेच शहर त्यांचे कार्यक्षेत्र झाले. शिवाजीनगर भागातील त्यांच्या संस्थेचे १९७५ मध्ये उद्घाटन झाले. तेथे लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, दोर यांच्या जोडीला एक साधी लोखंडी घडीची खुर्ची असते. तिच्या पाठीचा पत्रा काढून टाकलेला असतो, म्हणजे त्या चौकटीतून पाय पलीकडे घालता येतात. ज्यांच्याकडून एरवी होणार नाहीत अशी आसने या खुर्चीच्या आधाराने करून घेतली जातात. शरीराला आसनाच्या साच्यात कोंबू नये, आसन शरीरापर्यंत आणावे, हे सूत्र त्या खुर्चीच्या वापरातून स्पष्ट दिसते.

आता खुर्चीविषयी थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. कारण अपघात होतात ते आसनामुळे कमी आणि खुर्चीमुळे अधिक. गावात तीन प्रकारच्या खुर्च्या सहज मिळतात. मंडपवाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची हलकी असते, गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि जुनी झाली की तिचे पाय फाकतात. शिवाय तिची बैठक मागे उतरती असल्याने माणूस आपोआप पोक काढून बसतो. घडीची लोखंडी खुर्ची मजबूत खरी, पण पुढच्या कडेवर भार पडला तर ती पुढे कलंडण्याचा किंवा मिटण्याचा संभव असतो. शाळेतील बिनहाताची लाकडी खुर्ची सर्वांत चांगली. कोणतीही घेतली तरी तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवावी, खाली सतरंजी घालू नये आणि शिकविणाऱ्याने आधी स्वतः तीवर बसून, हलून पाहावे. बसणाऱ्याची दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत. ठेंगण्या व्यक्तीची पावले लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्यावा. प्रत्येक घरात तो असतो. उंच व्यक्तीसाठी बैठकीवर घोंगडीची घट्ट घडी ठेवावी. बैठक मागे उतरत असेल, तर त्याच घडीने मागची बाजू उचलून घ्यावी.

मराठीत खुर्ची या शब्दाला सत्तेचा वास आहे, हेही शिकविणाऱ्याने विसरू नये. ग्रामसभेत अनेक गावी अजूनही खुर्च्या पुढाऱ्यांसाठी आणि सतरंजी बाकीच्यांसाठी असते. सत्तरीच्या आजीबाईंना खुर्चीवर बसा म्हटले, तर गुडघे दुखत असूनही त्या समोरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहून संकोचतात आणि खालीच बसतात. अशा वेळी आग्रह करून उपयोग होत नाही. शिक्षकाने स्वतः खुर्चीवर बसावे, निरोगी व तरुण मंडळींनाही खुर्च्यांवरच बसवावे आणि सर्वांची मांडणी गोलाकार करावी. शिक्षक सतरंजीवर आणि अपंग तेवढे खुर्चीवर, अशी मांडणी झाली की खुर्ची ही दुय्यम दर्जाची खूण ठरते आणि माणसे दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

अभ्यासाचा आरंभ बसण्यापासूनच व्हावा. पाठ टेकू न देता, थोडे पुढे सरकून, बैठकीच्या हाडांवर सारखा भार देऊन बसणे हे ज्यांनी वर्षानुवर्षे केलेले नसते त्यांना त्यात बराच श्रम पडतो. नंतर घोटे फिरविणे, एकेक पाय गुडघ्यातून सरळ करून क्षणभर धरणे, श्वास घेताना हात वर नेणे व सोडताना खाली आणणे. हात खांद्याच्या वर जात नसेल तर जेथवर जाईल तेथवरचे ताडासन पूर्ण समजावे. हात मांड्यांवर ठेवून पाठ आळीपाळीने किंचित कमानदार व किंचित गोल करणे हे खुर्चीवरचे मार्जारासन होय. खुर्चीच्या पाठीला धरून कणा वळविणे हे भरद्वाजासन. त्यात आधी कणा वर ताणावा आणि मगच वळावे, हाताने ओढून वळू नये. पुढे वाकण्याच्या आसनांत विशेष सावधगिरी हवी. रक्तदाब वाढलेला असेल किंवा डोळ्यांत काचबिंदू असेल, तर डोके हृदयाच्या खाली जाऊ देऊ नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्ध स्त्रियांना गोल पाठ करून वाकविणे किंवा जोराने वळविणे धोक्याचे असते. मणक्याचे हाड त्यात दबू शकते. श्वास रोखून धरण्याचे प्रकार अशा मिश्र वर्गात वर्ज्य करावेत.

परंतु या सर्वांहून मोलाची क्रिया दिसायला अगदी साधी आहे. ती म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि परत सावकाश बसणे. पावले मागे घ्यावीत, धड पुढे झुकवावे, श्वास सोडीत उठावे. गरज असेल तेवढा हातांचा आधार घ्यावा आणि तो दिवसागणिक कमी करावा. बसताना धपकन बसू नये. ज्या मांड्यांच्या बळावर हे होते, त्याच बळावर माणूस शौचालयातून स्वतः उठतो, एस. टी.च्या पायऱ्या चढतो आणि ठेच लागली तर सावरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारा व्यायाम करावा. त्याच मार्गदर्शनात अपंग व्यक्तींसाठीही स्वतंत्र शिफारशी आहेत. ज्यांना उभे राहता येते त्यांनी खुर्चीच्या मागे उभे राहून, पाठीला धरून, टाचा उचलण्याचा सराव करावा. तेथे मात्र खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले असावे, नाही तर ती उलटते.

चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीला साध्या खुर्चीवर हलविण्याची काही आवश्यकता नाही. ब्रेक लावावा, जमत असेल तर पावलांच्या पट्ट्या वर करून पावले जमिनीवर टेकवावीत आणि अभ्यास सुरू करावा. ज्यांच्या पायांत संवेदना नाही त्यांच्या त्वचेला कोठे टोचते, घासते हे त्यांना कळत नाही. ते शिक्षकाने पाहावे. अर्धांगाच्या रुग्णाचा दुर्बळ हात कधीही ओढून वर नेऊ नये, कारण त्या बाजूचा खांदा निखळण्याचा धोका असतो. दोन्ही हातांची बोटे गुंफून, चांगल्या हाताने दुसऱ्याला हळूहळू उचलू द्यावे. दृष्टिहीन विद्यार्थ्यापुढे "असे करा" या शब्दांना अर्थ नसतो. "उजवा तळहात डाव्या गुडघ्यावर" असे सांगावे लागते. आणि अशी भाषा अंगवळणी पडली की डोळस विद्यार्थ्यांनाही ती अधिक कळते, हा अनपेक्षित लाभ. स्पर्श करण्यापूर्वी सांगावे व संमती घ्यावी. कर्णबधिरांसाठी शिक्षकाचा चेहरा उजेडात असावा, आधी करून दाखवावे व नंतर करावयास लावावे. शेवटच्या विश्रांतीत सर्वांनी डोळे मिटले की त्यांना विश्रांती संपल्याची खूण कळत नाही. म्हणून हातावर हलका स्पर्श करण्याची खूण आधी ठरवून ठेवावी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना क्रम रोज तोच द्यावा आणि एका वेळी एकच सूचना.

लोकसंग्रहाच्या उत्साहात आश्वासने देण्याचा मोह होतो. खुर्चीवरच्या योगाने पक्षाघात बरा होतो, मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, असे फलक लावू नयेत. भौतिकोपचार चालू असतील तर ते चालू राहिले पाहिजेत. हृदयविकार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार येणारी चक्कर यांत डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून कोणास वर्गात घेऊ नये. छातीत दुखणे, दम लागणे किंवा एकाएकी सुन्नपणा येणे असे झाल्यास अभ्यास तत्काळ थांबवावा. वेदना सोसून दाखविणाऱ्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे सवय आहे. या वर्गात ती उपयोगाची नाही.

जागेचा प्रश्न पंचायत सदस्यांच्या हातचा आहे. समाजमंदिराला तीन पायऱ्या असतील आणि उतार नसेल, तर आतल्या खुर्च्या ज्यांच्यासाठी ठेवल्या त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते, हे सदस्यांना ठाऊक आहेच. वर्गाची जागा स्वच्छतागृहाजवळ असावी. अन्यथा मधुमेही व वृद्ध स्त्रिया अर्ध्यातून निघून जातात आणि कारण कोणास सांगत नाहीत.

वेळेचेही तसेच. पहाटेची वेळ योगाला उत्तम हे खरे, पण चालता न येणाऱ्या व्यक्तीला त्या वेळी आणून सोडणारा घरातला माणूस गोठ्यात किंवा पाण्याच्या नळावर असतो. सांधे आखडलेल्यांना तर पहाट सर्वांत त्रासाची. दुपारी शाळा सुटल्यावरची वेळ अशा वर्गाला अधिक सोयीची ठरते. खुर्च्याही तेव्हा रिकाम्या असतात. विश्रांती संपल्यावर कोणालाही लगेच उठवू नये. डोळे उघडून घोटे हलवावेत, दोन मिनिटे बसावे, मग खुर्चीला धरून उभे राहावे. न्यायला येणारा माणूस येईपर्यंत शिक्षकाने कुलूप लावण्याची घाई करू नये.